पिल्लांवरची मरळ

मी माळकरी माणूस. मासा खाणं तर सोडाच, मासे कापल्या हाताचा पेला आमच्या घरात कुणी तोंडाला लावणार नाही. तरी आयुष्यातली चाळीस वर्षं मी एका मासे मारणाऱ्याच्या शेजारी काठावर बसून घालवली. गावातले लोक म्हणायचे, तोतारामनानाची माळ बगळ्याची आहे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार.

तो मासे मारणारा म्हणजे गनी. वरणगावला स्टँडच्या बाजूला त्याचं पंक्चरचं दुकान. शुक्रवारी दुपारची नमाज झाली की मोटारसायकलला गळाच्या काठ्या बांधायच्या आणि थेट माझ्या मळ्यात येऊन उतरायचं, हा त्याचा नेम. माझी केळी जिथं संपते तिथं धरणाचा फुगवटा सुरू होतो. एक नाला तिथं तापीच्या पाण्याला मिळतो. त्याच्या तोंडाशी बुडालेल्या बाभळींची खोडं, पाणकणीस आणि कंबरभर पाणी. गनी आधी काठावरून गळ टाकायचा, नाहीच काही लागलं तर आपली नाव काढायचा. नाव कसली, ट्रकच्या दोन फुगवलेल्या ट्यूबा, त्यांवर बांधलेली फळी आणि वल्हं म्हणून काठीला ठोकलेला डब्याचा पत्रा. पाय पाण्यात सोडून तो फळीवर बसायचा आणि पाणकणसातून इतका हळू सरकायचा की बदकंही उठायची नाहीत. मी काठावर बसून त्याच्या चुका काढायचो. मला पोहता येत नाही, मासा चालत नाही, पण सल्ला द्यायला काय लागतं?

दोन वर्षांपूर्वी पुण्याची चार पोरं गाडीच्या टपावर पिवळी प्लास्टिकची कयाक बांधून आली होती. मासा धरायचा, त्याच्याबरोबर फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, असा त्यांचा खेळ. गनी कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मला म्हणाला, "नाना, हे तर पाव्हन्याले जेवाले बोलावून त्याच्या तोंडाले पानं पुसनं झालं." मला मात्र त्या पोरांचं करणं फार आवडलं. मारणाऱ्याच्या शेजारी बसलो तरी मारणं मला कधी बघवलं नव्हतं. गनी मासा दगडावर आपटायचा तेव्हा मी केळीकडे तोंड फिरवायचो.

या पाण्यात पूर्वी मरळ खूप होती. हातभर लांब, सापासारखं डोकं, वर येऊन हवेचा घोट घेणारा मासा. मग चिलापी हा बाहेरचा मासा आला. कुणी सोडला देव जाणे, पण चिलापीनं अंडी खाल्ली, पिल्लं खाल्ली आणि सगळं पाणी आपल्या नावावर करून घेतलं. नाल्याच्या तोंडाशी मरळीची पिल्लं दिसून सात वर्षं झाली होती.

यंदा मृग लागला त्या आठवड्यात सकाळी मोटर बघायला गेलो, तर पाण्यावर परातीएवढा तांबडा डाग हलत होता. जवळून पाहिलं, तर पिल्लं. काडीपेटीच्या काडीएवढी, एकाला एक चिकटून, शेकड्यांनी. आणि त्यांच्याखाली दोन काळ्या सावल्या, आई आणि बाप. एखादी चिलापी जवळ आली की पाणी फाटायचं आणि चिलापी पळायची. मी तिथं किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. घरी माझी बायको सुनंदाबाई न्याहारी घेऊन ताटकळली होती. तिला म्हटलं, "आपल्याकडे बाळंतीण आली." तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

त्या दिवसापासून मी रोज दोन वेळा जायचो. कणकेच्या गोळ्या टाकायचो, बगळे हाकलायचो. आमचा मुलगा हितेंद्र नाशिकला असतो. त्याला फोनवर नातवाची चौकशी करायची सोडून पिल्लं केवढी झाली ते सांगत बसायचो.

त्याच दिवसांत हसीनाभाभी आजारी होत्या. गनीची बायको, हसीनाबी. अन्ननलिकेत गाठ निघाली होती. जळगावच्या डॉक्टरांनी गनीला बाजूला घेऊन सरळ सांगितलं होतं की ऑपरेशन होण्याजोगं राहिलेलं नाही. आज मऊ घास उतरतोय, महिन्याभरात नुसतं पाणी उतरेल, मग तेही नाही. तोवर त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. हे सगळं मला माहीत होतं. मी दोनदा भेटून आलो होतो, मोसंबी ठेवून आलो होतो, धीर धरा म्हणून आलो होतो. मला कुणी सांगितलंच नव्हतं, असं मला आज म्हणता येत नाही.

शुक्रवारी गनी आला. काठ्या आणल्या होत्या, पण बांधल्या तशाच ठेवल्या. माझ्या शेजारी येऊन बसला आणि पाण्यावरच्या त्या तांबड्या डागाकडे बघत राहिला. मी त्याला हौसेनं सगळं दाखवलं, आई कुठली, बाप कुठला, दोघं आळीपाळीनं वर कसे येतात. मग तो म्हणाला, "नाना, हसीनाले मरय खायाची हाये. तीच म्हनते. दुसरं काही तोंडात घेत नही."

आमच्या बोलीत ळचा य होतो, मरय म्हणजे मरळच. त्यानं नुसतं एवढंच सांगितलं. माझं तोंड मात्र लगेच सुटलं. "सगय्या तापीत तुले हीच सापडली? दुसरा मासा नही का? मासा तो मासा."

"मरय पाहिजे," तो पुन्हा म्हणाला.

"तुझा बाप काय सांगायचा? पिल्लावरची मरय धरू नये. खरं का खोटं?"

हे खरं होतं. गळाची ही सगळ्यात सोपी शिकार. पिल्लांच्या घोळक्यात बेडूक टाकला की रक्षणाला बसलेली मरळ तो तोंडात धरतेच, भूक असो वा नसो. जुन्या गळवाल्यांनी म्हणूनच तो नियम केला होता, आणि गनीच्या बापानं तो जन्मभर पाळला होता. गनी खाली बघायला लागला. तेवढ्यानं मला चेव आला. मी गळ्यातली माळ पुढे केली आणि म्हणालो, "हात ठेव हिच्यावर. पिल्लं पांगेपर्यंत इथं गळ टाकनार नही म्हन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग हात पँटला पुसला, माळेवर ठेवला आणि म्हणाला, "नही टाकनार."

मी मोठ्या खुशीत घरी गेलो. जन्मात कुणाचा जीव वाचवला नव्हता, आता एकदम शेकड्यांनी वाचवले होते.

गनी दिलेला शब्द मोडणारा नव्हता, त्यातून दुसऱ्याच्या माळेवरचा. दुकान पोरावर टाकून तो रोज निघायला लागला. नदीच्या वरच्या अंगाला गेला, खाली पुलापर्यंत गेला, ट्यूबांची नाव टेम्पोत घालून पलीकडच्या काठालाही नेली. जलपर्णीत शिरला की दोन-दोन तास दिसायचा नाही. तिची मुळं ट्यूबांना गुंडाळायची आणि तो पत्र्यानं ती कापत पुढे सरकायचा. संध्याकाळी माझ्या मळ्यावरून परत जाताना हाक मारायचा. मी विचारायचो, "लागली?" तो पिशवी उघडून दाखवायचा. चिलापी, चिलापी, आणि एखादा खेकडा. असे दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत एकदाही त्यानं नाल्याच्या तोंडाकडे मान वळवली नाही, आणि मला एकदाही असं वाटलं नाही की याला आता मोकळं करावं. उलट मी त्याला सांगायचो की पिल्लं आता बोटाएवढी झालीत.

सुनंदाबाईला मात्र ते खटकायला लागलं. एकदा भाकरी टाकता टाकता म्हणाली, "त्या मानसाचं तोंड पाह्यलं का तुम्ही? बाईच्या तोंडचा घास मोठा का तुमची मासोयी मोठी?"

मी चिडलो. बायको बरोबर बोलते तेव्हा मी हमखास चिडतो. दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते माझ्या घराण्यात कुणी केलं नसेल. सकाळच्या एसटीनं भुसावळला गेलो आणि उपरणं नाकाला लावून मासळी बाजारात शिरलो. मरळ कुणाकडेच नव्हती. एका बाईनं बर्फातला रोहू दाखवला, लालसर खवल्यांचा, चांगला अडीच किलोचा. मला वाटलं, मरळीपेक्षा हा दिसायलाही देखणा आहे. गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत ढकलली, पिशवी अंगापासून लांब धरली आणि तडक गनीचं घर गाठलं.

गनी पाण्यावर गेला होता. त्याची मुलगी मिसबाह एरंडोलहून आईपाशी येऊन राहिली होती. पिशवीत डोकावून तिनं मासा उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाली, "चाचा, तुम्ही आणला?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं ते आनंदाचंच असणार.

तिनं तो शिजवला आणि ताटात घेऊन बसली. बोटांनी दाबून दाबून काटे काढत होती, बारीक, दुभंगलेले, केसासारखे. तासभर ती तेच करत होती. मी म्हटलं, "एवढं काय निवडायचं त्यात?" तिनं मान वर केली नाही. हसीनाभाभी तक्क्याला टेकून बसल्या होत्या, अंगावर हाडं तेवढी उरलेली. पहिला घास गेला. दुसरा जाताना त्यांचा हात गळ्याकडे गेला. एक काटा राहिला होता. खोकला, उबळ, मग पदराला रक्त. मिसबाहनं त्यांना धरून ठेवलं, शेजारच्या बाया धावत आल्या, कुणी भाताचा गोळा दिला, तो बाहेर आला. अखेर काटा निघाला. पण त्या इतक्या भ्यायल्या होत्या की नंतर चमचा जवळ नेला तरी तोंड बंद करून घ्यायच्या.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज घोगरा झाला होता. माझ्याशी बोलताना त्या नेहमीच गावची बोली बोलत. "नानाभाऊ, माशामाशात फरक असते. मरयले बारीक काटा नसते. मधचा एक काढला की नुसतं मऊ मास. म्हनून तर मागितली." आणि त्या हसल्या. माझ्यासारख्या अडाण्याला हसल्या. "तुमाले कसं माहीत असनार?"

चाळीस वर्षं मी काठावर बसून सल्ले देत होतो, आणि माशात काटा असतो एवढंही मला ठाऊक नव्हतं. मासा तो मासा, हे मीच म्हणालो होतो. त्यावर गनीनं 'मरय पाहिजे' एवढं तरी म्हणून पाहिलं होतं, आणि मी त्याच्यापुढे माळ धरली होती.

गनी संध्याकाळी आला, झालेलं सगळं त्याला कळलं. मीच त्याला ओट्यावर गाठलं. "माझी आन सुटली. सकायी ये. मी सोता दाखवतो कुठी बसते ती."

त्यानं मान हलवली.

सकाळी सहाला तो आला, मोटारसायकलवर बादली, डब्यात बेडूक. आम्ही केळीतून खाली उतरलो आणि दोघंही जागच्या जागी थांबलो. पाणी नव्हतं. वर बऱ्हाणपूरकडे दोन दिवस पाऊस झाला होता, पूर येण्याआधी धरण मोकळं करायला दरवाजे उघडले होते. दर पावसाळ्यात उघडतात. फुगवटा मागे हटतो, आठ-पंधरा दिवसांनी परत चढतो. मला हे पाठ आहे. त्या काठाला जन्म गेला माझा. पण पिल्लांच्या नादात मला त्याची आठवणसुद्धा राहिली नव्हती. नाल्याच्या तोंडाशी चिखल पसरला होता आणि त्यात चाळीस-पन्नास बगळे चरत होते. कुठे कुठे पावलाएवढं पाणी उरलेलं, त्यात काही पिल्लं वळवळत होती. मी ओरडत धावलो, ढेकळं मारली. बगळे दहा पावलं उडाले आणि पुन्हा बसले. बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत.

"नाना," गनीनं हाक मारली. "ती तिठी हाये."

बाभळीच्या खोडाखाली एक खळगा होता, त्यात ती होती, एकटीच. पाठ उघडी पडलेली, तोंड वर. दुसरी निसटली का कुणी उचलली, कळलं नाही. गळाची गरजच नव्हती. गनी पुढे जायला लागला तर मीच त्याला मागे सारलं आणि चिखलात उतरलो, मांडीपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा माशाला हात लावला. ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा मी तिला छातीशी धरली. बादलीत टाकली, पाणी ओतलं. ती फिरून शांत झाली. मला त्या वेळी खरंच वाटलं की आपण वेळेत पोचू.

गनीच्या घरासमोर रिक्षा उभी होती. पहाटेपासून हसीनाभाभींना पाण्याचा घोटही उतरत नव्हता. काट्यानं सूज आली होती की आजारच तिथवर आला होता, ते डॉक्टरांनीही नक्की सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांना जळगावहून परत आणलं तेव्हा नाकात नळी होती. त्यातून दूध, डाळीचं पाणी. मिसबाह म्हणाली, "अम्मी, मरळ आलीय. शोरबा करते, गाळून नळीतून देते."

हसीनाभाभींनी बादली जवळ ठेवायला सांगितली. हात पाण्यात सोडला. मरळ त्यांच्या बोटांना अंग लावून गेली. त्या म्हणाल्या, "नयीतून गेल्यावर चव कुठी लागते? राहू दे."

त्यानंतर त्या नऊ दिवस होत्या. मी रोज जात होतो. बादली मोरीपाशी सरकवलेली असायची, गनी रोज पाणी बदलायचा. मरळ लवकर मरत नाही, ती चिखलातसुद्धा जगते. कोपऱ्यातून मधूनच तिचा हवा घेतल्याचा आवाज यायचा आणि खोलीतले सगळे तिकडे बघायचे. कुणी तिला कापायचं नाव काढलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी भाभी गेल्या.

मातीला सगळं वरणगाव होतं. मी कब्रस्तानाच्या भिंतीशी उभा राहिलो, मूठभर माती दिली. चार दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा पाहुणे पांगले होते आणि गनी ओट्यावर एकटा होता. मी शेजारी बसलो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, पण तो रागावलेला नव्हता.

मीच म्हणालो, "गनी, काट्याचं मले माहीत नव्हतं. तू सांगायचं होतं."

"सांगतलं होतं," तो म्हणाला. "मरय पाहिजे, दोन बार म्हनलो. तू म्हने, हात ठेव." मग म्हणाला, "त्या शुक्रवारी तिले गियता येत होतं, नाना. त्या दिवशी सकायी तिनं अर्धी भाकर खाल्ली होती दुधात. मरय तिनं सगयी खाल्ली असती."

तो उठला, आत गेला आणि बादली आणून माझ्यापुढे ठेवली.

"घेऊन जाय. तुझी हाये."

रिक्षात मी ती मांडीवर धरून बसलो. पाणी हिंदकळून धोतर भिजलं. फुगवटा परत चढला होता, नाल्याचं तोंड पुन्हा कंबरभर भरलं होतं, पाण्यावर सगळीकडे चिलापीचे बुडबुडे. बादली आडवी केली तशी ती एका वळशात दिसेनाशी झाली. पिल्लू एकही नव्हतं. गनीनं त्याच आठवड्यात ट्यूबांतली हवा सोडली आणि त्या कुणाला तरी देऊन टाकल्या. शुक्रवारी तो आला नाही, त्यानंतरही नाही. आता कधी येईल असं मला वाटत नाही.

सुनंदाबाई म्हणते, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं. नाही केलं. पण एका बाईनं मरताना एक मासा मागितला होता, तो पंधरा दिवस माझ्या डोळ्यांसमोर फिरत होता, आणि मी पिल्लं मोजत बसलो होतो.